शिक्षणाचा रकाना

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून शेजारच्या उद्यमनगरात शिरलं की फाटकांवर कागद चिकटवलेले दिसतात : आयटीआय टर्नर पाहिजे, क्यूसीसाठी डिप्लोमा मेकॅनिकल पाहिजे. अर्जातला शिक्षणाचा हा रकाना आपल्याकडे फार जुना नाही.

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली तेव्हाची माणसं बघा. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली. पुढे तेच कारखान्याचे कल्पक इंजिनिअर ठरले. के. के. कुलकर्णींचं परीक्षांशी कधी जमलं नाही; बाहेरच्या लोकांशी बोलणं-चालणं मात्र त्यांनीच सांभाळलं. राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही दरोड्याची शिक्षा भोगून आलेले! खुद्द लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे.त चित्रकला शिकायला गेले आणि रंग नीट ओळखता येईनात म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले.

पदवी आधी मालकाच्या घरात आली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव 1926 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे इंजिनिअर झाले. कामगाराच्या हातात कागद यायला पुढची पस्तीसेक वर्षं गेली. 1961 च्या कायद्याने कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आलं आणि आयटीआयच्या सर्टिफिकेटला भाव आला. 1983 पासून विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. कोल्हापूरचं केआयटी त्याच वर्षीचं.

वरून पदवी आली, खालून सर्टिफिकेट. मधल्या मध्ये फाउंड्रीतला मिस्त्री चेपला. क्युपोलाच्या भट्टीसमोर उभं राहून तो रसाच्या रंगावरून माल कसा उतरेल ते सांगायचा. इंडक्शन फर्नेस आणि स्पेक्ट्रोमीटर आले, कार्बन-सिलिकॉनचे आकडे कागदावर छापून येऊ लागले. तरी माझ्या मते त्याला खरा धक्का दिला तो गिऱ्हाइकाने. गाड्यांच्या कंपन्यांचे ऑडिटर फाउंड्रीत येऊन फायली उघडायला लागले, आणि मिस्त्रीची नजर फायलीला कशी लावणार? वास्तविक आयएसओ 9001 पात्रता ठरवताना अनुभवही धरतं. पण सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडणं सोपं, वीस वर्षांच्या अनुभवाचा पुरावा जुळवणं कटकटीचं. मग जाहिरातीत आधी पदवी, आणि अनुभव तिच्या मागे कंसात.

जॉबवर्कच्या लहान शेडमध्ये अजून लेथवर एक पीस काढून दाखवायला सांगतात. मालक मायक्रोमीटर लावतो आणि मग पगाराचं बोलतो.