सुई, कापूस आणि काळी माती

जुन्या एसएलआर कॅमेऱ्याचा इतिहास बहुधा जपानी कारखान्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो कापसाच्या शेतातून पाहावासा वाटतो. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात, फुलसावंगीसारख्या गावी, वेचणीच्या दिवसांत असा कॅमेरा डोळ्याला लावला की त्याच्या रचनेतले एक गृहीतक उघडे पडते.

१९६४ साली असाही पेंटॅक्सचा 'स्पॉटमॅटिक' विक्रीस आला. भिंगातून आत आलेला प्रकाश कॅमेऱ्यातच मोजायचा आणि व्ह्यूफाइंडरमधली सुई मध्यावर आणायची, ही सोय त्याने सर्वदूर नेली. १९६० मध्ये दाखवलेल्या नमुन्यात चौकटीतला एक ठिपकाच मोजला जाई. प्रत्यक्ष विकलेल्या यंत्राने सबंध चौकटीची सरासरी पत्करली. नाव मात्र ठिपक्याचेच राहिले. (समीक्षेतही असे घडते, पण तो वेगळा विषय.) त्याच घराण्यातला के-१०००, १९७६ ते १९९७ पर्यंत निघत राहिला. छायाचित्रणाच्या कित्येक विद्यार्थ्यांचा तो पहिला कॅमेरा. सरासरी त्यातही होतीच.

समोर काय आहे हे सुईला ठाऊक नसते. कोणतेही दृश्य एकंदरीत मध्यम करडे असते, असे धरून ती चालते. फुटलेल्या बोंडांनी चौकट भरली तर कापूस करडा उमटतो. नांगरलेल्या जमिनीने भरली तर काळी मातीही करडीच. ज्या दोन रंगांवर वऱ्हाड उभे आहे, नेमके तेच दोन्ही ती पुसते! जाणता माणूस म्हणून सुईचे ऐकत नाही. कापसासाठी तो एक-दोन स्टॉप प्रकाश वाढवतो, मातीसाठी तितकाच घटवतो.

खरी अडचण माणसाची. वेचणाऱ्या बाईचा रापलेला चेहरा, मागे पांढरे शेत, वर दुपारचे आभाळ. सुई त्या उजेडाला भुलते आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग उरतो. उपाय एकच: जवळ जायचे, चेहऱ्यानेच चौकट भरून प्रकाश मोजायचा, आकडे तसेच ठेवून मागे यायचे आणि मग कळ दाबायची. जवळ जायचे तर तिला विचारावे लागते.

२००० नंतरच्या दशकात शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळ देशभरच्या वृत्तपत्रांत आला. नवऱ्याची तसबीर हाती धरून बसलेली स्त्री, ही त्या चित्रांची ठरीव रचना. आम्हांस ती सुईच्या सरासरीचीच बहीण वाटते. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत टिपलेल्या छायाचित्रांच्या प्रदर्शनातील ग्रामीण स्त्रिया मात्र कामात गढलेल्या आहेत.

या कॅमेऱ्यात कळ दाबताच आरसा वर जातो व निमिषभर अंधार होतो. जो क्षण फिल्मवर उमटतो, तेवढाच टिपणाऱ्याला दिसत नाही. चेहरा साधला की नाही, हे फिल्म धुऊन आल्यावर कळे; तोवर शेतातली वेचणी आटोपलेली असे.