नारू : एका वर्षाचं अंतर

मंडळी, इथं जालन्यात बसलेल्या वयस्करांना नारू आठवत असेल. निदानाला डॉक्टर नको: पायावर फोड, त्यातून पांढरा दोरा, तो रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळायचा. पण पोटात गेला कधी? वर्षभर आधी! मग पाण्याला दोष कोण देणार? आग शमवायला माणूस बारवेत पाय बुडवी आणि अळ्या पाण्यात सोडी. त्या सायक्लॉप्समध्ये शिरतात, हे फेदचेन्कोनं १८७० मध्ये पाहिलं; आपली राष्ट्रीय मोहीम मात्र १९८३-८४ ची. लस नव्हतीच. पाणी फडक्यानं गाळा, हातपंप बसवा, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, एवढंच. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आफ्रिकेत चाडमध्ये मात्र २०१२ पासून कुत्र्यांतही नारू सापडतोय. माणसाला समजावता येतं. कुत्र्याला पाण्यात उतरू नको म्हणून कोण सांगणार?