मावळत्या देवांच्या घरी

'पेगन' हा शब्द ज्यांच्यासाठी प्रथम वापरला गेला, त्यांनी तो स्वतःसाठी कधीच वापरला नव्हता. लॅटिन भाषेत 'पागुस' म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख आणि तेथे राहणारा तो 'पागानुस'. इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती मंडळी जुन्या देवांना भजणाऱ्यांचा उल्लेख या शब्दाने करू लागली. कोणी म्हणतात, त्यात गावंढळपणाचा टोमणा होता. कोणी म्हणतात, ख्रिस्ताच्या सेनेत भरती न झालेला माणूस, असा त्याचा रोख होता. काही असो, हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. ज्यांना ते चिकटले, त्यांच्यापाशी आपल्या धर्माला असे एक नावच नव्हते. एक संस्थापक नव्हता, एक ग्रंथ नव्हता, अमुक मानतो तोच आपला, असे ठरवणारी प्रतिज्ञाही नव्हती. होते ते आचार आणि सणवार. घरोघरी भिंतीतल्या कोनाड्यात लहानसा देव्हारा असे. त्यात घराचे रक्षण करणारे 'लार' आणि कोठीघराचे 'पेनातेस' बसत. त्यांना धूप, दिवा, माळ आणि जेवणातला घास मिळे.

सारे गाव जे करते तेच आपण करीत असलो, म्हणजे आपण ते का करतो हा प्रश्न सहसा पडत नाही. राजसत्ता दुसरीकडे तोंड फिरवते, शेजारचा माणूस वेगळी वाट धरतो, आणि आपल्या देव्हाऱ्यापुढे उभे राहणे ही एकाएकी निवडीची गोष्ट होऊन बसते. रोममधल्या एका पिढीवर ही वेळ आली. त्या पिढीतील एका जोडप्याची हकीकत येथे सांगायची आहे.

पतीचे नाव वेत्तियस अगोरियस प्रेटेक्स्टाटस आणि पत्नीचे फाबिया अकोनिया पाउलीना. दोघेही थोर सरदार घराण्यांतली. प्रेटेक्स्टाटस जाणत्या वयाचा झाला तेव्हा सम्राट ख्रिस्ती होते. ३१३ साली कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती. त्याच्या मुलांनी देवळांतील यज्ञबळींवर बंदी घालणारे हुकूम काढले. मध्येच ३६१ ते ३६३ या अवघ्या दोन वर्षांत जूलियन या सम्राटाने जुने देव पुन्हा सिंहासनाशेजारी आणले, पण इराणच्या स्वारीत तो पडला आणि काळाचे चक्र पुन्हा पूर्ववत फिरू लागले. ज्याला पुढे जायचे आहे त्याने सम्राटाचा धर्म पत्करावा, हे शहाणपण तेव्हाही लोकांना शिकवावे लागत नव्हते. प्रेटेक्स्टाटसने ते पत्करले नाही. तरीही तो एकामागून एक मोठ्या अधिकारपदांवर चढत गेला, आणि त्यांतली बरीच पदे ख्रिस्ती सम्राटांनीच त्याला दिली. यावरून त्या माणसाच्या वजनाची कल्पना यावी.

जूलियनच्या मृत्यूनंतर तो ग्रीसचा सुभेदार होता. नवा सम्राट व्हॅलेंटिनियन याने ३६४ साली रात्रीच्या यज्ञविधींना मनाई केली. अथेन्सजवळच्या एल्युसिस येथे शतकानुशतके चालत आलेली देमेतर या धान्यदेवतेची गूढ दीक्षा रात्रीच होत असे. सुभेदाराने आपल्या धन्याला कळवले, की हा कायदा येथे लागू झाला तर ग्रीक लोकांना जगणे नकोसे होईल. सम्राटाने ऐकले आणि ग्रीसपुरता तो कायदा निजून राहिला. आपली खुर्ची सांभाळून गप्प बसणे त्याला किती सोपे होते!

पुढे ३६७ साली तो रोम शहराचा मुख्य अधिकारी झाला. त्याच्या कारकिर्दीची हकीकत इतिहासकार अम्मियानस याने लिहून ठेवली आहे. श्रीमंतांनी रस्त्यावर पुढे काढलेले बेकायदा सज्जे त्याने पाडले. देवळांना चिकटवून बांधलेल्या खाजगी घरांच्या भिंती हटवल्या. आणि शहराच्या प्रत्येक भागात प्रमाणित वजने ठेवली, कारण तागडीत लबाडी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा लोभ दुसऱ्या कशानेही आवरत नव्हता. त्याच साली फोरममध्ये त्याने बारा देवदेवतांचा ओसरीवजा मंडप दुरुस्त करून त्यांच्या मूर्ती पुन्हा बसवल्या. कॅपिटोल टेकडीच्या पायथ्याशी त्या मंडपाचे खांब, गेल्या काही शतकांत पुन्हा उभारलेले, आजही दिसतात. मला स्वतःला या कामांत वजनांचे काम सर्वांत मोलाचे वाटते. देवाची मूर्ती सोन्याने मढवणारे पुष्कळ असतात. पण गोरगरिबाला शेरभर धान्य शेरभरच मिळावे म्हणून धडपडणारा भाविक विरळा.

याच सुमारास रोमच्या ख्रिस्ती समाजात बिशपच्या गादीवरून मोठा दंगा चालू होता. दामासस आणि उर्सिनस या दोघांच्या अनुयायांत ३६६ साली अशी मारामारी झाली, की एका प्रार्थनामंदिरात एका दिवसात १३७ प्रेते मोजली गेली. प्रेटेक्स्टाटसने दोन्ही पक्षांना आवरले, उर्सिनसला शहराबाहेर काढले आणि शांतता आणली. जुन्या देवांच्या या पुजाऱ्याने दामाससच्या विरुद्ध पक्षाला चिथावून मजा पाहिली असती, तर त्याला कोणी अडवले असते? त्याने तसे केले नाही. मात्र थट्टा करण्याची संधी त्याने सोडली नाही. मला रोमचा बिशप करा, मी या घटकेला ख्रिस्ती होतो, असे तो दामाससला हसत म्हणत असे, ही आठवण पुढे संत जेरोमने नोंदवून ठेवली आहे. बिशपच्या गादीभोवती जमलेल्या ऐश्वर्याला मारलेला तो चिमटा होता.

हे झाले बाहेरचे. घरातले सांगते ती त्यांची स्मारकशिला. रोमच्या कॅपिटोलवरील संग्रहालयात ती आहे. तिच्या दर्शनी बाजूस पतीची पदे कोरली आहेत आणि त्यांत देवकार्याची पदे आधी, राज्यकारभाराची नंतर. वेस्टा, सूर्य, हर्क्युलिस, एल्युसिसची दीक्षा, मित्र देवाच्या पंथातील सर्वोच्च स्थान, अशी ती लांबलचक यादी आहे. पत्नीच्या नावापुढेही तिने घेतलेल्या दीक्षा आहेत: एल्युसिसच्या आणि हेकटेच्या. आणि त्याखाली एक साधी ओळ आहे, की ही दोघे चाळीस वर्षे एकत्र राहिली.

शिलेच्या इतर बाजूंवर पद्यमय मजकूर आहे. एके ठिकाणी पती पत्नीशी बोलतो, दुसरीकडे पत्नी पतीशी. पाउलीना जे म्हणते त्याचा आशय असा: तुमच्या मानमरातबाला लोक मोठे म्हणतात, पण तुम्ही स्वतः ती पदे नश्वर मानलीत. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ तुम्ही वाचलेत, तपासून शुद्ध केलेत, तेही लहानच. देवांचे जे ज्ञान तुम्ही मनात जपलेत त्यात मला सहभागी केलेत, मला देवळात घेऊन गेलात, आणि जे जे मी स्वीकारले त्याला तुम्ही साक्षी राहिलात. तुम्ही माझ्या मागे राहिला असता तर मी सुखी ठरले असते. तरीही सुखी आहे, कारण मी तुमची होते, आहे आणि मरणानंतरही असेन.

शिलालेखांतून नवऱ्याची स्तुती पुष्कळ आढळते. येथे विशेष आहे ते असे, की ज्याने जे मिळवले ते वाटून घेतल्याबद्दल ही स्त्री कृतज्ञता सांगते. त्यांच्या धर्माला ग्रंथ नव्हता. पण एकाने दुसऱ्याचा हात धरून दाराशी न्यावे आणि दार उघडून आत येऊ द्यावे, ही रीत होती. तोच त्यांचा ग्रंथ.

३८४ च्या अखेरीस, पुढील वर्षाचा कॉन्सल म्हणून नाव जाहीर झालेले असताना, प्रेटेक्स्टाटस वारला. बातमी पसरताच रोमच्या लोकांनी नाटकशाळेतले नेहमीचे खेळ नाकारले, असे त्याचा मित्र सिमॅकस सम्राटाला लिहितो.

पण याच मरणाकडे दुसऱ्या डोळ्यांनी पाहणारा एक पत्रलेखकही त्या वेळी रोममध्ये होता, तोच जेरोम. लेआ नावाची एक श्रीमंत ख्रिस्ती विधवा त्याच सुमारास वारली होती. तिने उंची वस्त्रे टाकून जाडेभरडे कापड अंगावर घेतले होते, रात्री प्रार्थनेत जागवल्या होत्या, आणि एकेकाळी नोकरांना हुकूम सोडणारी ही बाई आता इतकी नम्र झाली होती, की ती स्वतःच दासी वाटावी. जेरोम लिहितो, की लेआ आता परमसुखात आहे, आणि तो कॉन्सल, त्याची बायको काहीही म्हणो, आकाशगंगेतल्या महालात नसून गलिच्छ अंधारात आहे. एका विधवेच्या ओल्या दुःखावर मारलेला हा घाव वाचवत नाही. मात्र घाव बाजूला ठेवून लेआकडे पाहिले, तर मान आपोआप लवते. तिच्या वाटेत प्रेटेक्स्टाटसच्या वाटेवर नसलेले काही होते. तो आपल्या ऐश्वर्यात राहूनच सज्जन राहिला; तिने ऐश्वर्यच खाली ठेवले. जूलियनलाही हे बोचले होते. ख्रिस्ती लोक आपल्याच नव्हे, आमच्याही गरिबांना पोसतात आणि आम्ही मात्र पाहत राहतो, अशी कबुली त्याने आपल्या एका पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात दिली आहे. जुने देव हरले ते केवळ राजाज्ञेमुळे, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये.

प्रेटेक्स्टाटसच्या पक्षाची उत्तम बाजू मांडली गेली ती एका सणाच्या निमित्ताने. रोमन लोकांचा सातुर्नालिया हा सण १७ डिसेंबरला सुरू होई आणि लोक तो सात दिवसांपर्यंत लांबवीत. हिवाळ्याच्या काळोखात मेणाचे दिवे आणि मातीची लहान चित्रे एकमेकांना भेट द्यायची, सोंगट्या-फासे खेळायचे, आणि या दिवसांत धन्याने गुलामांना आपल्याबरोबर किंवा आपल्या आधी जेवायला बसवायचे. आपल्या दिवाळीशी त्याचे नाते जोडण्याचा खटाटोप मी करणार नाही. मातीची चित्रे आणि दिवे पाहून मुलांना जो आनंद होतो त्याला नात्याचा पुरावा लागत नाही. प्रेटेक्स्टाटसच्या मृत्यूनंतर काही दशकांनी माक्रोबियस नावाच्या लेखकाने 'सातुर्नालिया' याच नावाचा संवादग्रंथ लिहिला. त्यात सणाच्या दिवसांत विद्वान पाहुणे प्रेटेक्स्टाटसच्या घरी जमले आहेत. गुलामांची देवांना काय फिकीर, असे एक उर्मट पाहुणा विचारतो, तेव्हा यजमान गुलामही आपल्यासारखीच माणसे आहेत, हे समजावून सांगतो. संवाद कल्पित आहे, त्यातले विचार सेनेकाकडून घेतलेले आहेत, आणि खऱ्या प्रेटेक्स्टाटसच्या थाटाची घरे गुलामांच्याच खांद्यावर उभी होती. पण गेलेल्या पिढीतले कोणते माणूस हे बोलले असते असे लोकांना वाटले, यालाही अर्थ आहे.

३८४ हेच साल आणखी एका प्रसंगाचे. ऑगस्टसने इसवी सनापूर्वी २९ मध्ये सेनेटच्या सभागृहात विजयदेवतेची मूर्ती बसवली होती. तिच्यापुढची वेदी सम्राट ग्रेशियनने ३८२ साली हलवली. ती परत ठेवावी म्हणून सिमॅकसने तेरा वर्षांच्या सम्राट दुसऱ्या व्हॅलेंटिनियनकडे अर्ज केला. त्याचा मुद्दा असा होता, की साऱ्यांवर आकाश एकच, तारे एकच; सत्याचे गूढ एवढे मोठे, की तेथे एकाच वाटेने पोचणे शक्य नाही. मिलानचा बिशप अँब्रोस याने विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला. 'एकं सत्' कानावर पडत मोठे झालेल्या आपल्याला सिमॅकस लगेच आपला वाटतो. पण त्याच्या अर्जात पुजाऱ्यांचे बुडालेले तनखे परत मिळावेत, हीही मागणी होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शेवटी ८ नोव्हेंबर ३९२ रोजी थिओडोसियसचा कायदा आला. देवळे तर आधीच बंद होऊ लागली होती. आता कायदा घरात शिरला. लारपुढे अग्नी ठेवू नये, पेनातेसना धूप दाखवू नये, दिवा लावू नये, माळ चढवू नये. धुपाचा धूर निघालेले घर जप्त होईल. रोशणाई चहूकडे असताना हे कलम वाचले म्हणजे अंगावर काटा येतो. एका घरात, कोणाला उपद्रव न देता, एक वात पेटते. आणि राज्याला तिची भीती वाटते!

आज युरोपात काही लोक स्वतःला अभिमानाने पेगन म्हणवतात. आइसलंडमध्ये १९७२ साली जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांची संस्था निघाली आणि १९७३ साली तिला सरकारी मान्यता मिळाली. तुटलेला धागा त्यांना जुन्या काव्यांतून आणि ग्रंथांतून जोडावा लागतो. निसर्गाला पूज्य मानावे, ऋतूंबरोबर जगावे, ही त्यांची ओढ समजण्यासारखी आहे. त्यांनाही आणि परंपरा न तुटलेल्या आपल्यालाही प्रेटेक्स्टाटसचे घर एकच गोष्ट विचारते: देव्हाऱ्यातला दिवा घराबाहेर किती लांब उजेड पाडतो? तो बाजारातल्या तागडीपर्यंत पोचतो का? दुसऱ्या धर्माच्या भांडणात शांतता राखण्यापर्यंत पोचतो का? आणि जेथे त्याचाही उजेड कमी पडला, त्या भुकेल्यापर्यंत पोचतो का?

एल्युसिसचे मंदिर चौथे शतक संपण्यापूर्वीच उद्ध्वस्त झाले. पाउलीनाने ज्यांची दीक्षा घेतली त्या देवतांची नावे शिलेवर आहेत, पण त्यांची पूजा करणारी ती परंपरा उरली नाही. त्या नावांखालचा चाळीस वर्षांचा आकडा मात्र अजून स्वच्छ वाचता येतो.