कूटबद्ध सॉकेट निदान

कूटबद्ध सॉकेट निदान (लिनक्स कर्नल) : चालू जोडणीची आतली स्थिती कर्नलकडून मागवून घेण्याच्या सोयीला सॉकेट निदान म्हणतात. जोडणीवर कर्नलमधले टीएलएस एन्क्रिप्शन असेल तर त्याचा तपशीलही या सोयीतून मिळतो. असा तपशील बाहेर देणारा कोड तपासताना तीन प्रश्न विचारावे लागतात : काय दाखवले जाते, कोणाला दाखवले जाते आणि कोणत्या क्षणी वाचले जाते. पहिल्या दोन प्रश्नांवर वाद होतात; तिसऱ्याकडे दुर्लक्ष झाले तर पहिल्या दोहोंची अचूक उत्तरेही निरुपयोगी ठरतात.

गरज व इतिहास : टीएलएसचे पाठवण्याकडचे काम कर्नलच्या ४.१३ या आवृत्तीत (२०१७) आले, तर घेण्याकडचे ४.१७ मध्ये (२०१८). मात्र एखादी जोडणी खरोखर कर्नलमधून कूटबद्ध होते आहे की नाही, हे बाहेरून कळत नव्हते. ५.४ मध्ये (२०१९) रेड हॅटच्या दाविदे काराती यांच्या पॅचने ती उणीव भरली. आता ‘एसएस’ या आज्ञेच्या उत्तरात, उदाहरणार्थ, टीएलएस आवृत्ती १.२, सायफर एईएस-जीसीएम-१२८, घेणे व पाठवणे दोन्ही ‘एसडब्ल्यू’, म्हणजे सॉफ्टवेअरमधून, असा तपशील दिसतो. याचा उपयोग दुर्गम ठिकाणी होतो : गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरात तुटत आला आहे. अशा ठिकाणच्या यंत्रापर्यंत माणूस पोहोचू शकत नाही, पण जोडणी टिकून असेल तर एवढ्या एका ओळीवरून दोषाचा माग दुरूनच काढता येतो. म्हणून ही माहिती दडवून ठेवणे हा सुरक्षेचा मार्ग नव्हे.

काय व कोणाला : या तपशिलात कूटबद्धीकरणाची किल्ली नाही, आणि हाच त्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. टीसीपीच्या एमडी५ सहीसाठी २०१७ मध्ये आलेले निदान याच्या उलट आहे : तिथे नेटवर्क-प्रशासकाचा हक्क असलेल्याला प्रत्यक्ष किल्लीच मिळते. प्रशासकाला यंत्रातले सगळेच दिसते, मग किल्ली लपवून काय साधणार, असा आक्षेप यावर घेता येईल. पण नेटवर्क सांभाळण्याचा हक्क आणि दुसऱ्या प्रक्रियेची मेमरी वाचण्याचा हक्क कर्नलने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. पहिला हक्क कंटेनरांनाही दिला जातो. शिवाय निदानाचे उत्तर लॉगमध्ये साठते आणि मदतीसाठी परक्या हाती जाते. दुसरा आक्षेप असा, की सायफरचे नावही हल्लेखोराला उपयोगी पडेल. मात्र ते नाव जोडणीच्या सुरुवातीला सर्व्हरच्या उत्तरात उघडपणेच जाते. तारेवर दिसत नाही ते एवढेच, की कूटबद्धीकरण कर्नल करतो आहे. सुरुवातीला हा सारा तपशील प्रशासकापुरता होता. २०२५ मध्ये ती अट सैल झाली.

कोणत्या क्षणी : ‘एसएस’ जोडणी वाचत असतानाच ती जोडणी बंद होऊ शकते. त्या घटकेला टीएलएसचा संदर्भ, म्हणजे जोडणीच्या टीएलएस स्थितीची मेमरीतली नोंद, मोकळा झाला, तर निदानाचा कोड मोकळ्या झालेल्या मेमरीतून वाचत राहील. म्हणून काराती यांच्या कामासोबत याकुब किचिन्स्की यांचा पॅच होता : संदर्भ लगेच मोकळा न करता, चालू असलेले वाचक संपेपर्यंत थांबायचे. आरसीयू या नावाने ही रीत ओळखली जाते. केवळ ‘काय दाखवले’ एवढेच पाहणाऱ्या परीक्षकाला यातले काहीच सापडले नसते, कारण दाखवायची चारही मूल्ये निरुपद्रवी होती. आणखी एक तपासणी आकाराची असते. उत्तरासाठी लागणारी जागा कर्नल आधीच मोजतो. नवे मूल्य जोडणाऱ्याने आकार सांगणाऱ्या फंक्शनमध्ये भर घातली नाही, तर संदेशाला जागा अपुरी पडून त्रुटी येऊ शकते.

उत्तरकालीन भर : ५.५ मध्ये टीएलएसची एकत्रित आकडेवारी देणारी स्वतंत्र फाइल आली.

मूल्यमापन : निदानाच्या कोडने किल्ली कधीच देऊ नये, स्थिती मोकळेपणाने द्यावी आणि बंद होत असलेल्या जोडणीला हात लावण्यापूर्वी तिचा संदर्भ टिकून आहे याची खात्री करावी. या तिन्ही कसोट्या एकत्र लावणारे परीक्षणच पूर्ण मानावे.