अंग का आंबते?

सवय नसताना पन्नास बैठका मारल्या किंवा गड चढून उतरला, की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. जिना उतरवत नाही. आपण म्हणतो, 'अंग आंबलं.' गंमत अशी, की शास्त्रज्ञांचाही बराच काळ असाच समज होता!

१९०२ साली थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने बोटाने वजन ओढण्याचे प्रयोग केले. उशिरा येणाऱ्या या दुखण्याचे मूळ स्नायूच्या आत होणाऱ्या बारीक फाटाफुटीत आहे, असे त्याने सांगितले. पण १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते, असे दाखवले. हे आम्ल म्हणजे ताक-दह्यातलेच. झाले! थकवा आम्लाचा, तर दुखणेही आम्लाचेच, असे लोक धरून चालले आणि हफ मागे पडला.

आता हिशेब पाहा. हे आम्ल तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येते. मग दोष त्याचा कसा? १९५६ साली डेन्मार्कच्या आस्मुसेनने माणसांना एका पायाने पायरी चढायला आणि दुसऱ्याने उतरायला लावले. दमछाक चढणाऱ्या पायाची. दुखला मात्र उतरणारा! १९८१ मध्ये स्वीडनमध्ये जिने उतरलेल्या माणसांच्या स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा आतली तंतूंची वीण विसकटलेली दिसली. १९८३ मध्ये अमेरिकेत धावण्याचा प्रयोग झाला. सपाटीवर धावताना आम्ल वाढले, पण पाय दुखले नाहीत. उतारावर आम्ल वाढले नाही, तरी पाय दुखले. ऐंशी वर्षांनी हफची बाजू खरी ठरली.

म्हणजे भार पेलता पेलता स्नायू ताणला गेला, की त्याला बारीक इजा होते. पुढे सूज येते आणि स्पर्शही नकोसा होतो. आठवडाभरात इजा भरून येते, आणि पुढच्या वेळी तोच स्नायू तेवढ्याच श्रमाने कमी दुखतो. म्हणून बैठका दहापासून सुरू करून हळूहळू वाढवाव्यात.

शिक्षकमंडळींना मुद्दाम सांगतो. शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावू नका. खाली बसताना मांडीचा स्नायू असाच ताणला जातो. दुसऱ्या दिवशी कवायतीत मागे पडणारे मूल कामचुकार नसते, त्याचे पाय खरोखरच दुखावलेले असतात. आणि अति श्रमानंतर लघवी काळसर झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तडक डॉक्टरांकडे न्यावे. तिथे प्रश्न मूत्रपिंडाचा असतो.