छपरावरचा पंखा

नासिकला द्वारकेच्या चौकांत मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याकडे जाणारा रस्ता फुटतो. तेथून अंबडच्या अगर सिन्नरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या प्रवाशाला पत्र्याच्या लांबट छपरांवर चकाकणारे धातूचे गोल फिरतांना दिसतात. आकार थेट कांद्याचा. नासिककरांना दुसरी उपमा सुचणें कठीणच! कांहींना वीज लागत नाहीं. बाहेरच्या वाऱ्यानें ते फिरतात, आणि तापून हलकी झालेली आंतील हवा त्यांच्या पात्यांच्या फटींतून बाहेर पडते. जेथें एवढ्यानें भागत नाहीं तेथें विजेचा पंखा छपरावर बसवितात. गोष्ट इतकी साधी, कीं ती कारखान्यांत येण्यास एवढा काळ कां लागला याचेंच नवल वाटावें.

कोंडलेली हवा यंत्रानें बाहेर काढण्याची कल्पना कांहीं नवी नव्हती. इंग्लंडांत डेसाग्युलिए नांवाच्या शास्त्रज्ञानें १७३६ च्या सुमारास कॉमन्स सभेच्या दिवाणखान्यासाठीं हातानें फिरवावयाचें एक चाक बसविलें होतें. तें फिरविणाऱ्या माणसालाच लोक ‘व्हेंटिलेटर’ म्हणत. म्हणजे कायदे करणाऱ्यांना स्वतःसाठीं स्वच्छ हवेची गरज फार लौकर पटली होती. मजुरासाठीं ती पटण्यास बराच अवधि जावा लागला.

मुंबईंत कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं सूतगिरणीची कंपनी काढली, आणि दोन वर्षांनीं तींत सूत निघूं लागलें. त्यानंतर गिरण्या भराभर वाढल्या. परंतु सुताचा स्वभाव मोठा विचित्र. हवा कोरडी झाली कीं धागा तुटतो. यास्तव विणकामाच्या खात्यांत खिडक्या लावून घ्यावयाच्या आणि हवेंत वाफ सोडावयाची, हा रिवाज पडला. जी हवा धाग्याला मानवे तींत माणसाचा घाम वाळेना. सूत काढण्यापूर्वींच्या खात्यांत तर कापसाची भुकटी उडे. ती वर्षानुवर्षें छातींत गेल्यानें दम लागतो, त्या विकाराला वैद्यकांत बिसिनोसिस म्हणतात. पंखा लावावा तर ओलावा जातो, न लावावा तर मजूर गुदमरतो, असा हा पेंच होता. आणि तो पुष्कळ काळ सुताच्याच बाजूनें सोडविला गेला.

नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांना संघटित करून आठवड्याची सुटी मागितली. ती मुंबईच्या मालकांनीं १८९० सालीं मान्य केली. कोंडलेल्या हवेंतून सुटण्याचा पहिला उपाय पंखा नव्हे, रविवार ठरला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. १९०८ च्या कारखाना मजूर कमिशनांत डॉ. टी. एम्. नायर यांनीं बहुमताविरुद्ध भिन्न मत नोंदवून प्रौढ पुरुषांच्याही कामाचे तास कायद्यानें बांधावेत असा आग्रह धरला. पुढें १९२३ सालीं मॅलोनी यांचा गिरण्यांतील ओलाव्यासंबंधीं अहवाल निघाला, तेव्हां कोठें वाफ आणि वारा यांचा हिशेब शास्त्रीय रीतीनें मांडला जाऊं लागला. १९४८ च्या कारखाना कायद्यानें ताजी हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. नव्या कारखान्यांत दर कामगारामागें निदान ५०० घनफूट जागा असावी, आणि चौदा फुटांवरची पोकळी तींत धरूं नये, असेंही त्यांत ठरविलें. ही पुस्ती फार मार्मिक होती. उंच छप्पर दाखवून जागेचा भरणा करण्याची युक्ति तिनें बंद केली.

तथापि कायदा छपराला भोंक पाडून देत नाहीं. वरून हवा बाहेर काढावयाची तर खालून ती आंत येण्यास वाट लागते. पुष्कळ ठिकाणीं पंखे बसवितात आणि धुळीच्या भयानें खालच्या खिडक्या बंद करतात. मग पंखा नुसताच फिरतो. बसवावयाची जागा आढ्याजवळची, कारण गरम हवा तेथें सांचते. पंख्याच्या बैठकीची वरची कड वरच्या पत्र्याखालीं आणि खालची कड खालच्या पत्र्यावर यावी लागते. कौलें चाळणाऱ्याला हें शिकवावें लागत नाहीं. येथें चूक झाली तर पहिल्याच पावसांत यंत्रावर धार लागते. विजेच्या पंख्याची आणखी एक गंमत आहे. त्याच्या तीन तारांपैकीं दोहोंची अदलाबदल झाली कीं तो उलटा फिरतो. आवाज तोच, वेगही तोच, पण छपराखालची गरम हवा पुन्हा मजुरांच्या डोक्यावर!

पुढें निगा राखण्याचें काम उरतें. पात्यांवर धूळ कमीजास्त बसली तर तोल जातो, पंखा थरथरतो आणि बेअरिंग झिजतें. पट्टा सैल पडला तर वारा घटतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीं कोणास तरी वर चढावें लागतें. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचें छप्पर खालून दणकट दिसलें तरी माणसाच्या भारानें तें एकाएकीं फुटतें. अनुभवी मिस्त्री त्यावर सरळ पाऊल टाकीत नाहीं. तो आधीं विजेची कळ बंद करून तिला कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशांत घालतो, कमरेचा दोर बळकट आधाराला बांधतो, आणि मग कैच्यांवर आडव्या टाकलेल्या फळ्यांवरूनच पंख्यापर्यंत जातो.