दहा टक्क्यांचा हिशेब

आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो म्हणे. हे वाक्य एकदाही ऐकलं नाही असा माणूस हिंजवडी ते चाकण या पट्ट्यात सापडणं कठीण. गॅदरिंगचे प्रमुख पाहुणे, कंपनीत येणारे मोटिव्हेशनल ट्रेनर, विमा विकणारा मित्र, सगळ्यांच्या पोतडीत ते असतंच. वर 'असं आइन्स्टाइन म्हणालाय' ही पुस्तीही जोडलेली असते. 2014 साली तर 'ल्यूसी' नावाचा अख्खा सिनेमा याच वाक्यावर निघाला.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. आइन्स्टाइनच्या लेखनात हे वाक्य सापडत नाही. आणि वाक्य साफ खोटं आहे. पण मला त्याच्या खोटेपणापेक्षा त्याचा प्रवास जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण सुरुवात झाली ती एका बऱ्यापैकी खऱ्या वाक्यापासून.

विल्यम जेम्स हा हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ. 1906 च्या डिसेंबरमध्ये त्याने अमेरिकेतल्या तत्त्वज्ञांच्या संघटनेपुढे अध्यक्षीय भाषण केलं, आणि पुढच्याच महिन्यात ते छापून आलं. विषय होता माणसाची ताकद. आपण दमतो, थांबावंसं वाटतं; पण रेटत राहिलो तर कुठून तरी 'दुसरा दम' येतो. त्यावरून जेम्सचं म्हणणं असं, की आपल्या शारीरिक आणि मानसिक ताकदीचा थोडाच भाग आपण रोज कामाला लावतो. बास. त्यात कुठला आकडा नव्हता, आणि मेंदूचा अमुक भाग रिकामा पडलाय असंही नव्हतं. नाइट शिफ्ट केलेल्या कुणालाही हे पटेल.

आकडा नंतर चिकटला. 1936 साली डेल कार्नेगीचं मित्र जोडण्याबद्दलचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं. (अप्पा बळवंत चौकात मराठी भाषांतर मागा, दुकानदार न शोधता काढून देईल.) त्याच्या प्रस्तावनेत लोवेल थॉमस या पत्रकाराने जेम्सच्या तोंडी घातलं, की सामान्य माणूस आपल्या सुप्त मानसिक क्षमतेपैकी दहाच टक्के विकसित करतो. म्हणजे 'थोडा भाग' जाऊन 'दहा टक्के' आले. तरी गाडी अजून 'क्षमता' या स्टेशनावरच होती. क्षमतेच्या जागी 'मेंदू' हा शब्द बसला आणि रूळच बदलले.

त्याला मेंदूच्या अभ्यासातूनही नकळत हातभार लागला. मेंदूच्या ठरावीक भागाला हलका विजेचा झटका दिला की हात किंवा पाय हलतो, हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. पण काही भागांना, विशेषतः कपाळामागच्या भागाला, झटका देऊनही बाहेरून काहीच दिसेना. त्या भागांना 'मूक' म्हणायला लागले. लोकांनी मूकचा अर्थ 'बेकार' असा घेतला. आपल्या भाषेत सांगायचं तर, लॉग येत नाही म्हणून मॉड्यूल वापरातच नाही असं ठरवण्यातला प्रकार. असलं मॉड्यूल शुक्रवारी संध्याकाळी उडवून बघा, मग कळेल :) खरं तर 1848 मध्येच फिनिअस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंग ठासायची सहा किलोची पहार आरपार गेली होती. नेमकी त्या 'मूक' भागातून. माणूस वाचला, चालू-बोलू लागला, पण त्याला ओळखणारे म्हणायला लागले की हा आता पूर्वीचा गेज राहिला नाही. मूक भाग काय काम करतो, ते तो बिघडल्यावर दिसलं.

आता साधा हिशेब बघा. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के. तो ऊर्जा खातो सुमारे वीस टक्के. भोसरी एमआयडीसीतला कुठला मालक दहातली नऊ मशिनं बंद ठेवून असलं वीजबिल भरेल? त्याने नऊ मशिनं कधीच विकून टाकली असती. उत्क्रांतीही काही उधळ्या मालकासारखी वागत नाही.

बरं, सगळ्या पेशी एकाच वेळी काम करत नाहीत हे खरं आहे. पण कारखान्यातही प्रेस शॉप, वेल्ड शॉप, पेंट शॉप आपापल्या वेळी चालतात. दिवसभराचा हिशेब मांडला तर प्रत्येक भागाला काम असतं, झोपेतसुद्धा. उलट असंख्य पेशी एकाच वेळी बेलगाम पेटल्या तर जे होतं, त्याला अपस्माराचा झटका म्हणतात. मेंदू 'शंभर टक्के' चालवायचा म्हणजे हे!

एवढं होऊनही हे वाक्य मरत नाही, कारण ते विकता येतं. जेम्सच्या वाक्यात फक्त कष्ट होते. कष्ट कोण विकत घेणार? पण मेंदूचा एखादा भाग 'बंद' आहे म्हटलं की बटण दाबणारा माणूस लागतो. मी शाळेत असताना आपल्याकडे 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'ची लाट आली होती, ती याच वाटेने. एक-दोन दिवसांचं वर्कशॉप, फी हजारांत, आणि शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून मूल पुस्तक वाचून दाखवणार, रंग ओळखणार. मिडब्रेन म्हणजे मध्यमस्तिष्क हा मेंदूचा खरोखरचा भाग आहे. डोळ्यांच्या हालचाली, आवाजाच्या दिशेला वळणं, जागं राहणं अशी कामं त्याच्याकडे असतात. तो बंद असलेलं मूल वर्कशॉपला चालत येणार नाही, ते बेशुद्ध असेल.

मग पट्टी बांधून वाचणं कसं जमायचं? नाकाशेजारच्या फटीतून. फट नीट बुजवली की वाचन थांबतं. मंगळुरूचे नरेंद्र नायक यांनी हे जाहीर प्रयोगांतून दाखवलं. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी असल्या दाव्यांना आव्हान दिलं. त्यांचे नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, तरी ते काम थांबलं नाही.

आमच्या सोसायटीतले एक काका चाकणला लाइनवर आहेत. कुठल्याशा क्लासचं पत्रक घेऊन त्यांनी मला विचारलं होतं, "तू इंजिनीअर ना रे? खरं असतं का हे? ओव्हरटाइम करून फी भरीन मी." मी म्हटलं, "काका, पैसे गेले तर परत मिळवाल. पण पोराचं काय?" आठ-दहा वर्षांच्या मुलाला कळलेलं असतं, की आपल्याला फटीतून दिसतंय. समोर आई-बाबा टाळ्या वाजवतायत, बाबांच्या डोळ्यांत पाणी आहे. अशा वेळी ते पोर खरं कुठल्या तोंडाने सांगणार? फी भरून आपण त्याला खोटं बोलायला शिकवतो, आणि तेही स्वतःच्या घरच्यांशी. या प्रकरणातली मला सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट हीच.

मग मुलांची बुद्धी वाढवायचा विचारच करू नये का? जरूर करावा. 1962 साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती याच ध्यासाने. तिची शाळा निगडीतही आहे. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी गिलफर्डचा बुद्धीचा आराखडा घेऊन चाचण्या बनवल्या. बुद्धी म्हणजे एकच टाकी नसून अनेक वेगवेगळ्या क्षमता आहेत आणि त्या सरावाने वाढतात, असा तो विचार. त्यावर मतभेद असू शकतात, पण त्यात बटण नाही. वर्षानुवर्षं चालणारा सराव आहे. काकांना मी हेच सांगितलं. जेम्सही शंभर वर्षांपूर्वी जवळपास हेच सांगत होता.

असो. पुढच्या वेळी कुणी दहा टक्क्यांची टेप लावली, तर उरलेले नव्वद टक्के काढून ठेवले तर चालतील का, एवढं विचारा. आणि हेल्मेट घालत जा. नाशिक फाट्यावर सगळे शंभर टक्के लागतात.